गार्डची परीक्षा सरकारने घ्यावी

खासगी सुरक्षा रक्षकाला कामावर उभं करण्याआधी त्याला 160 तासांचं प्रशिक्षण द्यावं लागतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. 100 तास वर्गात, 60 तास प्रत्यक्ष जागेवर, आणि हे सगळं किमान 20 कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सवलत आहे. त्यांच्यासाठी 40 आणि 16 तास, किमान सात दिवस. संसदेने 2005 साली खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम केला, केंद्राने 2006 साली आदर्श नियम काढले, राज्यांनी त्या धर्तीवर आपापले नियम केले. तेव्हापासून हे तास कागदावर आहेत.

आपल्या सोसायटीच्या गेटवर उभ्या असलेल्या माणसाला याबद्दल विचारून पाहा. मी गेली काही वर्षं जिथे संधी मिळेल तिथे विचारतो. बँकेच्या दारात, मॉलच्या पार्किंगमध्ये, मंगल कार्यालयात, इस्पितळात. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. नांदेडकडच्या एका तरुणाने ते सगळ्यांत नेमकं सांगितलं: "ड्रेस दिला, पॉइंट दाखवला, रजिस्टर कसं भरायचं ते रात्रपाळीवाल्याने सांगितलं. झालं." आणि सर्टिफिकेट? "असंल की ऑफिसात. पहिल्या दिवशी लई ठिकाणी सह्या घेतल्या होत्या."

त्याची यात काही चूक नाही. तो गावाहून आला, ओळखीच्या सुपरवायझरने लावून दिलं, दुसऱ्या दिवशी ड्युटी सुरू झाली. एजन्सीवाल्यांना सरसकट दोषी धरणंही मला पटत नाही. प्रामाणिकपणे प्रशिक्षण देणाऱ्या एजन्सी आहेत, आणि कंत्राट मिळवताना त्याच सगळ्यांत आधी मागे पडतात. दोष कायद्याच्या मांडणीत आहे. रक्षकांना प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कलम 9 ने एजन्सीवर टाकली. प्रमाणपत्र देतं कोण? मान्यता मिळालेली प्रशिक्षण संस्था. अनेक मोठ्या एजन्सींच्या प्रशिक्षण संस्था त्यांच्या स्वतःच्याच किंवा घरातल्याच आहेत. म्हणजे ज्याला माणूस लवकरात लवकर पॉइंटवर उभा करून बिल लावायचं आहे, त्यानेच त्याला शिकवायचं, त्यानेच तपासायचं आणि त्यानेच 'उत्तीर्ण' म्हणायचं. सरकार एजन्सीला परवाना देतं. रक्षकाला सरकार ओळखतही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही साखळी तोडली पाहिजे. प्रशिक्षण कुणीही द्यावं, परीक्षा मात्र राज्याने घ्यावी. आणि प्रमाणपत्र रक्षकाच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या खिशात असावं. एजन्सी बदलली तरी ते त्याच्याबरोबर जावं, ठरावीक वर्षांनी त्याचं नूतनीकरण व्हावं, आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर ते रद्दही करता यावं.

यात नवीन काही नाही. गाडी चालवायला मोटार ट्रेनिंग स्कूल शिकवतं, पण लायसन्स आरटीओ देतं. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा असावा हे आपण तिथे कधीच मान्य केलं आहे. (मान्यताप्राप्त केंद्रात शिकलेल्यांना आरटीओच्या चाचणीतून सूट देण्याची वाट 2021 च्या नियमांनी उघडली, ती मला चुकीची वाटते.)

त्या 160 तासांत काय शिकवायचं आहे ते एकदा वाचायला हवं, कारण अभ्यासक्रम वाईट नाही. लोकांशी वागणूक आणि गणवेश, शारीरिक तंदुरुस्ती, इमारतीची आणि मालमत्तेची सुरक्षा, आग विझवणं, गर्दीवर नियंत्रण, ओळखपत्र आणि पासपोर्ट तपासणं, स्फोटक वस्तू ओळखणं, प्रथमोपचार, आपत्तीच्या वेळी काय करायचं, पोलीस ठाण्यात एफआयआर कशी नोंदवतात, फौजदारी कायद्याची जुजबी माहिती, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर पोचतो, अलार्म आणि तपासणी यंत्रं कशी वापरायची. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आले पाहिजेत, एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आलं पाहिजे, रंगांधळेपणा नसावा, असंही नियम म्हणतात. हे सगळं खरोखर शिकलेला माणूस गेटवर असेल, तर ती इमारत खरोखर जास्त सुरक्षित असेल. म्हणूनच हा अभ्यासक्रम वाया जाताना पाहून जीव तुटतो.

आगीचंच घ्या. आमच्या भागातल्या एका इमारतीत गार्डच्या केबिनमध्ये अग्निशामक सिलिंडर भिंतीला टांगलेला आहे. त्याच खिळ्याला गार्डची छत्री अडकवलेली असते, आणि सिलिंडरच्या दांड्यावर त्याचा टॉवेल वाळत असतो. तारखेची चिठ्ठी चालू वर्षाची, म्हणजे रिफिलिंग वेळेवर होतं. हा कसा वापरायचा, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. सील तुटलं तर पैसे आपल्या पगारातून." पन्नाशीचा माणूस, रात्रभर 60 कुटुंबांच्या झोपेची राखण करतो. त्याने पिन ओढून एकदाही पावडर सोडून पाहिलेली नाही. मीटर रूममध्ये ठिणगी उडाली तर तो बादली घेऊन धावेल, कारण आग म्हणजे पाणी एवढंच त्याला माहीत आहे. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं, हे शिकवायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं त्याला कुणी दिलेली नाहीत.

लिफ्टचंही तसंच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली की पहिली हाक गार्डला जाते. तो चावी आणतो, दार ओढून उघडतो आणि आतल्यांना म्हणतो, उतरा खाली. लिफ्टच्या खोलीतला मुख्य स्विच आधी बंद करायचा असतो, आणि लिफ्टच्या तळाखाली उघडी पोकळी असेल तर कुणाला उडी मारू द्यायची नसते. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात आपण ती चावी देतो. पडला तर आतला माणूस पडेल, आणि गुन्हा बहुधा गार्डवर नोंदवला जाईल.

कोलकात्याच्या आमरी रुग्णालयाला 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे आग लागली. सुमारे 90 माणसं गेली, बहुतेक सगळे धुरात गुदमरलेले रुग्ण. शेजारच्या वस्तीतली पोरं धूर पाहून मदतीला धावली, तेव्हा सुरुवातीला गार्डांनी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं, असं त्या वेळी अनेक बातम्यांत आलं होतं. मला त्या गार्डांचा राग येत नाही. परक्याला आत सोडायचं नाही, एवढीच एक गोष्ट त्यांना रोज शिकवली गेली असणार. आग लागली की ती शिस्त उलटवायची असते, दारं उघडायची असतात, बाहेरच्या माणसाला वाट दाखवायची असते. ऐन वेळी हे आपोआप सुचत नाही. हे आधी चार वेळा करून घ्यावं लागतं. मुंबईत कमला मिल्समध्ये 29 डिसेंबर 2017 ला 14 जण मरण पावले, त्या रात्री तिथल्याच आवारातल्या एका सुरक्षा रक्षकाने वाट दाखवून कितीतरी लोकांना बाहेर काढलं, असंही आपण वाचलं. असा माणूस तिथे असणं हा योगायोग असू नये.

आता कायद्याकडे येऊ. खासगी सुरक्षा रक्षकाला साध्या नागरिकाहून एक कणभरही जास्त अधिकार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला असेल, किंवा समोरचा घोषित गुन्हेगार असेल, तरच कुणीही खासगी व्यक्ती त्याला पकडू शकते. आणि पकडल्यावर विनाकारण उशीर न लावता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. ही सहा तासांची मर्यादा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. ती 1 जुलै 2024 पासून आली. त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे आणि तो गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र आहे. मग मॉलमध्ये ज्या मुलाच्या बॅगेत तेलाची बाटली सापडली, त्याला मागच्या खोलीत तीन तास बसवून ठेवण्याचा अधिकार गार्डला आणि त्याच्या मॅनेजरला कुठून आला? 2024 च्या आधी प्रमाणपत्र मिळालेल्या लाखो रक्षकांना हे बदललेले कायदे कुणी शिकवले? त्यांच्याकडून कायद्याची उजळणी करून घेणारी एकही परीक्षा नाही.

आणि यात भरडली जातात ती गरीब माणसं. संध्याकाळी काम संपवून निघालेल्या धुणंभांडीवाल्या बाईची पिशवी गेटवर उघडायला लावतात. समोर मुलं खेळत असतात, लोक येत-जात असतात. आतून डबा, जुना फ्रॉक, उरलेली भाजी निघते. तिने नकार दिला तर उद्यापासून तिचं येणं बंद. संमतीशिवाय कुणाचीही झडती घेण्याचा गार्डला हक्क नाही. पोलिसांनासुद्धा बाईची अंगझडती बाईकडूनच घ्यावी लागते. गार्डला हे माहीत नसतं, त्याला ते सांगणाऱ्या सोसायटीच्या कमिटीलाही माहीत नसतं. डिलिव्हरीच्या पोरांना मालाच्या लिफ्टने पाठवणं, नाव विचारून आडनावावरून माणूस जोखणं, हेही त्याच सवयीतलं. लोकांशी वागणूक हा अभ्यासक्रमातला पहिला विषय आहे, तो उगीच नाही.

मग प्रशिक्षण होत का नाही? 20 दिवस शिकणाऱ्या माणसाला त्या 20 दिवसांचा पगार कोण देणार, हा सगळा पेच तिथे आहे. गावाकडून उसने पैसे घेऊन आलेला तरुण 20 दिवस बिनपगारी वर्गात बसू शकत नाही. एजन्सीने पगार द्यायचा म्हटलं, तर तो खर्च ती कंत्राटात लावणार, आणि कंत्राट मिळतं सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला. सोसायट्या तशाच, कंपन्या तशाच, सरकारी कार्यालयंही तशीच. शिकून तयार झालेला माणूस दोन महिन्यांत पाचशे रुपये जास्त देणाऱ्या दुसऱ्या एजन्सीत गेला, तर त्याच्यावर केलेला खर्च बुडाला. अशा बाजारात 160 तास खरोखर शिकवणारी एजन्सी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेते. नुसती तपासणी वाढवून हे सुटणार नाही. जो शिकेल त्यालाच त्याचा फायदा मिळेल, असं प्रमाणपत्र हवं. माझ्या नावावर सरकारी परीक्षेचा शिक्का असेल, तर मी जास्त पगार मागू शकेन, आणि शिकायलाही तयार होईन.

दुसरी गोष्ट. अधिनियमाचं कलम 10 असं म्हणतं की गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कारणावरून सैन्यातून, पोलिसांतून, सरकारी नोकरीतून किंवा एखाद्या खासगी सुरक्षा एजन्सीतून काढून टाकलेल्या माणसाला रक्षक म्हणून घेता येणार नाही. उत्तम कलम आहे. पण एका एजन्सीने काढलं हे दुसरीला कळणार कसं? रक्षकांची सार्वत्रिक नोंदच नसेल, तर संध्याकाळी ठाण्यात काढलेला माणूस सकाळी पनवेलमध्ये नव्या ड्रेसमध्ये उभा असतो. 2012 साली वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा तिच्याच इमारतीच्या वॉचमनने खून केला. 2017 च्या जानेवारीत हिंजवडीत एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या मुलीचा तिथल्याच सुरक्षा रक्षकाने खून केला. अशा घटनांनंतर दर वेळी पोलीस पडताळणीची मागणी होते, आणि ती योग्यच आहे. पण पडताळणी सांगते ती आजवरची गोष्ट. ती एकदा होते आणि फाइलमध्ये जाते. एजन्सी बदलताना, तक्रार आल्यावर, वागणूक घसरल्यावर प्रत्येक वेळी त्या माणसाच्या नावाशी जोडलेली एक जिवंत नोंद लागते.

अशी नोंद ठेवण्याची सवय महाराष्ट्राला आधीपासून आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. आपल्याकडे 1981 सालीच खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यासाठी वेगळा कायदा झाला, केंद्राच्या कायद्याच्या 24 वर्षं आधी. त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं आली. बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्याचं मंडळ त्यातलं सगळ्यांत परिचित. मंडळात रक्षकाची नोंदणी होते, मंडळ त्याला मुख्य मालकाकडे, म्हणजे ज्याच्या जागेची राखण करायची त्याच्याकडे, पाठवतं, मालक वेतन आणि त्यावरची लेव्ही (जादा आकारणी) मंडळात भरतो, आणि भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा यांचा हिशेब त्याच्या नावावर चालतो. ठेकेदार बदलला की माणूस रस्त्यावर, ही भीती मंडळाच्या रक्षकाला बाहेरच्या रक्षकापेक्षा कमी आहे. त्या काळी कामगार चळवळीने हे मिळवलं. 1982 च्या संपानंतर गिरण्यांतून बाहेर फेकल्या गेलेल्या कितीतरी कामगारांनी वॉचमनची काठी हातात घेतली होती. या धंद्यात मुंबईच्या श्रमिक इतिहासाचा एक तुकडा आहे.

मंडळांचा कारभार आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. सूट मिळवून बाहेर राहिलेल्या एजन्सी पुष्कळ आहेत, आणि मंडळ कामगार खात्याकडे तर एजन्सीचा परवाना गृह खात्याकडे, अशी फारकत आहे. पण नाव नोंदवलेला रक्षक, मालकाकडून गोळा होणारी लेव्ही आणि जिल्हावार यंत्रणा, या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. त्या लेव्हीत प्रशिक्षणाचा वाटा घाला. त्यातून शिकणाऱ्याला त्या 20 दिवसांचं विद्यावेतन द्या. खर्च सगळ्याच मालकांवर सारखा पडला, तर प्रामाणिक एजन्सी कंत्राटात मार खाणार नाही.

परीक्षेसाठी नव्या इमारती बांधायला नकोत. तालुक्यातालुक्यांत आयटीआय आहेत, शहरांत अग्निशमन केंद्रं आहेत, पोलीस प्रशिक्षण केंद्रं आहेत. परीक्षा तोंडी आणि प्रात्यक्षिक असावी. सिलिंडर वापरून दाखव. बेशुद्ध पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते पुतळ्यावर करून दाखव. हा पाहुणा दारू प्यायलेला आहे आणि आत जायचं म्हणतो, त्याच्याशी बोल. ही बाई झडतीला नकार देते, काय करशील? तीस मिनिटांत कळतं, माणूस शिकलेला आहे की नाही. चित्रीकरण ठेवावं, म्हणजे नंतर शंका आली तर पाहता येईल. मराठीत, हिंदीत, लागेल त्या भाषेत परीक्षा घ्यावी. या कामाला भाषेची मोठी चाळणी लावली तर जे आज दोन वेळचं जेवण कमावताहेत तेच बाहेर पडतील, आणि तसं होता कामा नये. आधीपासून काम करणाऱ्यांना पुरेशी मुदत, भरपगारी प्रशिक्षण आणि दोन-तीन वेळा परीक्षेला बसण्याची सोय मिळायलाच हवी.

सरकारी परीक्षा म्हणजे नवा भ्रष्टाचार, हा आक्षेप मी सगळ्यांत जास्त ऐकतो. आरटीओचे एजंट सगळ्यांनी पाहिले आहेत, तेव्हा तो हसण्यावारी नेता येणार नाही. ब्रिटनने 2001 साली कायदा करून खासगी सुरक्षा उद्योगासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं. तिथे परवाना व्यक्तीच्या नावावर असतो आणि तो तीन वर्षांनी नवा करावा लागतो. 2021 पासून नव्याने येणाऱ्यांना प्रथमोपचाराचा कोर्स आधी करावा लागतो. तरीही पैसे घेऊन प्रशिक्षणाचे दिवस कापणारे तिथेही सापडले, बातम्या झाल्या. 22 मे 2017 ला मँचेस्टरच्या सभागृहाबाहेर बॉम्बस्फोट झाला आणि 22 जण मारले गेले, तेव्हा तिथल्या एका तरुण गार्डला स्फोट घडवणाऱ्याचा संशय आला होता. आपल्याला वंशभेदी म्हणतील या भीतीने तो त्याला हटकायला कचरला. परवाना असूनही त्या रात्री तो अपुरा पडला, हे मान्य करायलाच हवं.

पण पुढे काय झालं तेही पाहू. सरकारने नेमलेल्या चौकशीत निवृत्त न्यायाधीशांनी त्या गार्डला काय शिकवलं होतं, कसं शिकवलं होतं, संशय आल्यावर कुणाला कळवायचं हे त्याला ठाऊक होतं का, हे प्रश्न विचारले आणि उत्तरं जाहीर अहवालात आणली. 2025 च्या एप्रिलमध्ये तिथे सार्वजनिक जागांच्या सुरक्षेसाठी नवा कायदाही झाला. नोंद असली की असे प्रश्न विचारता येतात. आपल्याकडे दुर्घटनेनंतरची चौकशी बहुधा बंद दारं, अग्निशमनाचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि मालक इथवर जाऊन थांबते. दारावरच्या माणसाला कुणी काय शिकवलं होतं, हा प्रश्न निघतच नाही, कारण त्याचं उत्तर मिळेल असा कागदच कुठे नसतो. परीक्षेत पैसे खाल्ले गेले तर परीक्षकाला पकडता येईल. जी परीक्षा झालीच नाही, तिच्यासाठी कुणाला पकडणार?

पोलिसांचंच प्रशिक्षण धड नाही, तिथे गार्डांची कसली चिंता, असंही कुणी म्हणेल. पोलीस प्रशिक्षणाचा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर पहिला खोलवर विचार एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाला. 1971 साली केंद्राने प्रा. मा. स. गोरे यांची समिती नेमली. हे समाजशास्त्रज्ञ, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1973 च्या त्यांच्या अहवालाने पोलीस प्रशिक्षण कवायतीपलीकडे नेऊन त्याला समाज समजून घेण्याची जोड देण्याचा आग्रह धरला. आज महाराष्ट्रात शिपायाला नऊ महिन्यांचं मूलभूत प्रशिक्षण मिळतं, आणि पुढच्या 30 वर्षांच्या नोकरीत उजळणी फारच तुरळक होते. तिथेही ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा असावी असंच माझं मत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1959 साली पोलिसांच्या प्रशिक्षणाचं मानक ठरवणारा आयोग नेमला, पण गंभीर गैरवर्तन केलेल्या पोलिसाचं प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार त्याला 2021 च्या कायद्याने मिळाला. साठ वर्षं गेली, आणि तोवर एका शहरातून काढलेला पोलीस दुसऱ्या शहरात लागत राहिला. आपण सुरुवातीपासूनच रद्द करण्याचा अधिकार ठेवला पाहिजे, हा धडा त्यातून घ्यावा. मात्र रद्द करण्याआधी रक्षकाची बाजू ऐकली जावी आणि त्याला अपील करता यावं. नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीचा राग म्हणजे पोटावर पाय, असं होईल.

पोलीस आधी की गार्ड आधी, ही निवड मला खोटी वाटते. देशात आज खासगी रक्षकांची संख्या पोलिसांपेक्षा जास्त आहे. संकटात पहिल्या पाच मिनिटांत तिथे असतो तो गार्ड. पोलीस आणि अग्निशमन दल नंतर पोचतं. त्या पाच मिनिटांत काय होईल, हे त्याला काय शिकवलं आहे यावर ठरतं.

इथे एक अट मात्र सोडता येणार नाही. बारा-बारा तास उभ्या केलेल्या, रिलीव्हर आला नाही म्हणून लगेच दुसरी शिफ्ट मारणाऱ्या माणसाला कितीही शिकवलं तरी पहाटे चार वाजता त्याचा मेंदू चालणार नाही. त्याच्याजवळ बसायला खुर्ची, शेजारी स्वच्छतागृह आणि प्यायला पाणी असलं पाहिजे. प्रमाणपत्र मागणाऱ्या मालकाने कामाचे तासही कायद्याप्रमाणे ठेवले पाहिजेत. नाहीतर 'प्रमाणित रक्षक' ही पाटी फक्त त्याच्यावर ठपका ठेवायला वापरली जाईल.

सुरुवात कुठून करायची? माझ्या मते इस्पितळांतून. 2017 च्या मार्चमध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी बेदम मारलं. राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी काम थांबवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि सरकारने रुग्णालयांत महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे रक्षक द्यायचं कबूल केलं. तेव्हा सगळी चर्चा किती रक्षक, यावर झाली. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यात दोषी ठरलेला माणूस पोलिसांचा 'सिव्हिक व्हॉलंटियर' होता, म्हणजे पोलिसांची ओळख मिरवणारा, पण पोलिसांसारखी भरती आणि प्रशिक्षण नसलेला. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं, या स्वयंसेवकांची भरती कशी होते याची विचारणाही केली. ओळखपत्र देण्याआधी माणूस पारखायचा असतो, हे तिथे किती भयंकर किंमत मोजून कळलं.

अपघात विभागाच्या दारात रात्री दोन वाजता गर्दी होते. आत मुलगा आहे, बाहेर बाप, काका, गल्लीतली वीस पोरं. कुणी काही सांगत नाही. अशा वेळी काठी आपटणारा गार्ड आग पेटवतो. आणि "मी आत विचारून येतो, तुमच्यातला एक जण माझ्याबरोबर चला" असं म्हणू शकणारा गार्ड मारहाण टाळू शकतो. हे वाक्य शिकवता येतं. सरावाने अंगात येतं. त्याची परीक्षाही घेता येते.

म्हणून शासनाने आधी सरकारी आणि महापालिकांच्या रुग्णालयांतल्या रक्षकांसाठी, मग ते महामंडळाचे असोत, मंडळाचे असोत की खासगी एजन्सीचे, ही परीक्षा सक्तीची करावी. ते सरकारच्या एका आदेशाने आणि निविदेतल्या एका अटीने होऊ शकतं, त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहायला नको. इमारती आणि मॉल त्यानंतर घ्यावेत, तेव्हा 1981 च्या कायद्यात दुरुस्ती करून. सोसायट्यांना मात्र तेवढं थांबायचं कारण नाही. येत्या सर्वसाधारण सभेत सुरक्षेच्या कंत्राटाचा विषय असेल, तर दर पाहण्याआधी प्रत्येक रक्षकाचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ते कोणत्या 20 दिवसांत झालं त्या तारखा आणि त्या दिवसांचा पगार दिल्याचा पुरावा मागा. आणि केबिनमधला एक सिलिंडर सोसायटीच्या खर्चाने गार्डला वापरून पाहायला द्या.